चौऱ्याऐंशी खिडक्या

एर्मेलिंदा बावीस वर्षांनी आली
आणि म्हणाली, मला आपले किल्ले दाखव.
मी म्हटलं, तुला? तू तर राजेलोकांच्या शेजारातून आलीस.
फ्रान्समधल्या त्या नदीकाठी म्हणे
दर वळणावर कुणीतरी एक वाडा बांधून गेलंय.
हो, म्हणाली, त्यातल्या एकाची धूळ मी पुसते.

वाड्याचं नाव सांगितलं तिनं, दोनदा.
अर्धी अक्षरं लिहायची आणि बोलायचीच नाहीत
अशी ती भाषा. माझ्या जिभेवर काही बसलं नाही.

निघालो शिवोलीहून, माझ्या स्कूटरवर.
आधी शापोरा. वर नुसता वारा,
तटावर पाय सोडून फोटो काढणारी पोरं.
ती पाहत होती खाली,
जिथं नदी समुद्रात शिरते
आणि पाण्यावर बराच वेळ एक मळकी रेघ राहते.
आमची नदी समुद्र दिसायच्या आधी
किती शहरं बघते, म्हणाली.
आमची.
मी हेल्मेटचा पट्टा घट्ट करत बसलो.

मग नदीच्या उलट्या दिशेनं, आत आत.
कोलवाळच्या तिठ्यावर तिनं चोरिसपाव घेतला,
मी भजीपाव. शनिवार होता.
खाजनातून बगळे उठले,
मानशीच्या दारातून ओहोटी खळाळत बाहेर पडत होती,
आणि मागून ती सांगत होती
राजाच्या पलंगाची गोष्ट:
राजा तिथं एकदाच निजला,
तोही वाटेत ताप भरला म्हणून.
त्या एका रात्रीचा पलंगपोस
अजून झटकतात दर सोमवारी.
सगळे येतात, मान वर करून छत बघतात.
मला विचार, मी तुला खालची बाजू सांगते,
पलंगाखालची, कपाटामागची,
जिथं कोरीव काम करणाऱ्यालाही कंटाळा आला होता.

हळर्णला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती.
चिऱ्यांचा किल्ला, अंगणाएवढा म्हणा ना,
सभोवार काजू, आणि झाडांआड तीच नदी,
इथं इतकी अरुंद
की पलीकडच्या बाईनं भांडं आपटलं तर ऐकू यावं.
मला जरा लाजच वाटली.
दाखवायचं काय? भोसले होते, मग पोर्तुगीज आले,
तोफांची तोंडं फिरली. संपलं.

ती काही बोलली नाही. एका कोनाड्याशी गेली
आणि सवयीनं
त्यावरून एक बोट ओढलं.
बोटाकडे बघितलं. लाल.
पुन्हा ओढलं, पुन्हा लाल.
ही धूळ नाही रे, म्हणाली,
हा तर किल्लाच.

दाराशी रुक्मा पाचोळा गोळा करत होती,
गावातलीच, रोजंदारीवरची, हातात हिरांची वाढवण.
एर्मेलिंदा तिच्यापाशी जाऊन टेकली.
रोज कितलो मेळटा? गुडघे दुखतात का?
तेल कुठलं लावतेस?
मी बुरुजावर बसून राहिलो.
अर्धा तास त्या दोघी
एका राज्याबद्दल बोलत होत्या
ज्यात मला प्रवेश नव्हता.

तुमगेर जनेलां कितलीं? रुक्मानं विचारलं.
चौऱ्याऐंशी.
रुक्मा थांबली.
आपल्याकडे जन्म मोजताना येतो हा आकडा,
पुढे लक्ष लावून.
मग ती इतकी हसली की वाढवण हातातून पडली:
हांगा एकूय ना गे बाये, वांचलें हांव!
आणि एर्मेलिंदाही हसली,
पदर नसलेल्या खांद्यानं डोळे पुसत.

परतताना अंधार झाला. पुलावर म्हणाली,
तिथं हिवाळ्यात वाडा बंद असतो,
पाहुणे नसतात, आम्ही लाकडी जमिनीला मेण लावतो,
तेव्हा मी मधूनच एखादी खिडकी उघडते
आणि उगाच कोकणीत बोलते.
कोणाशी, ते मी विचारलं नाही.

तिच्या बोटाचा लाल ठसा
माझ्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला आहे.
बायको म्हणते, पूस.
पुसेन.